दिव्यांग सहाय्याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण (बर्डी, नागपूर): अठराशे रुपयांत काय मिळालं

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन अकरा वर्षं झाली, उत्तर नागपूरच्या वस्त्यांत रोज फिरते. तरी दिव्यांग माणूस समोर असला की मी आधी त्याच्या सोबतच्याशीच बोलते, हे मे महिन्यातल्या या प्रशिक्षणात लक्षात आलं. पुढे तक्रारी आहेत, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही.

पहिले दोन दिवस कायदा. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, तेही किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. सगळं स्लाइडवरून वाचून दाखवलं. हे घरी बसूनही झालं असतं.

तिसऱ्या दिवशी पैसे वसूल! शिकवायला आलेले सर पूर्ण अंध. जिन्यापाशी मी घाईघाईनं त्यांचा दंड धरला, तर म्हणाले, "ताई, मी काय बाजाराची पिशवी आहे का? तुमचं कोपर द्या, मी धरतो." मग जोडीजोडीनं बर्डीच्या फुटपाथवर नेलं. दुकानांचे स्टँड, लावलेल्या गाड्या, मध्येच उघडी नाली. 'सांभाळून' म्हटलेलं त्यांना चालेना. "काय सांभाळू? तीन पायऱ्या खाली, असं सांगा." आणि बाजूला जाताना सांगून जा, नाहीतर माणूस हवेशी बोलत बसतो. डोळ्याला पट्टी बांधायचा खेळ त्यांनी घेतलाच नाही. त्यानं भीती तेवढी कळते, म्हणाले.

आता जागा. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही! आमच्यातल्या व्हीलचेअरवाल्या ताईला रोज चार पोरं खुर्चीसकट उचलून वर न्यायची. कूलर एवढा घरघरायचा, की श्रवणयंत्र लावणाऱ्या दादाला त्याशिवाय काही ऐकू येईना. बंद केला की आम्ही उकडून निघायचो. शेवटच्या फॉर्ममध्ये चहा-जेवणाचे चार प्रश्न, जिन्याचा एकही नाही.

सिकलसेलला, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराला, मिळाली वीस मिनिटं. नागपुरात! २१ प्रकारांत तोही आहे, आणि माझ्या वस्तीत जवळपास प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी आहे. वरून धडधाकट दिसणारा पोरगा, दुखणं उठलं की आठ-आठ दिवस शाळा बुडते, आणि मास्तर त्याला कामचोर समजतात. रक्ताच्या रिपोर्टात 'एसएस' पॅटर्न म्हणजे आजार, 'एएस' म्हणजे नुसता वाहक (स्वतःला आजार नाही, पण मुलांत उतरू शकतो), एवढं सांगेपर्यंत हे शिकवणाऱ्या मॅडमची वेळ संपली. बाकीचं मी जिन्यात उभी राहून विचारून घेतलं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी लिफ्टचं विचारा, आणि त्या मॅडमचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.