प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल की कार्व्हेडिलॉल?

हृदयावर या तिन्ही बीटा-ब्लॉकर गोळ्यांचं काम जवळपास एकच. ॲड्रिनॅलिनला पेशींवरच्या बीटा ग्राहकांवर (रिसेप्टर) बसू न दिल्याने ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर उतरतो, हृदयाला प्राणवायू कमी लागतो आणि छातीतली कळ थांबते. निवड ठरते ती बाकीच्या शरीरावरून.

प्रोप्रॅनोलॉल सगळीकडचे बीटा ग्राहक अडवते. श्वासनलिका आवळतात, म्हणून दमेकऱ्याला नकोच. मेंदूत सहज शिरते. हातांची थरथर, अर्धशिशी यांत उपयोगी, पण झोप बिघडू शकते.

मेटोप्रोलॉलचा रोख मुख्यतः हृदयातल्या बीटा-1 वर. दम्यात तुलनेने बरी, डोस वाढला की तो फायदा ओसरतो. पट्टी मात्र नीट वाचा. मेटोप्रोलॉल दोन क्षारांच्या रूपात मिळते: टार्टरेट सहसा दिवसातून दोनदा, सक्सिनेट एकदा. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर सक्सिनेटच. पट्टीवर 23.75 मिग्रॅ दिसलं तर गोंधळू नका, ते टार्टरेटच्या 25 इतकंच. सक्सिनेट कुटू किंवा चावू नये, दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

कार्व्हेडिलॉल अल्फा ग्राहकही अडवते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. कमजोर हृदयात 3.125 मिग्रॅ दोनदा, सोसलं तर दर दोन आठवड्यांनी दुप्पट, सहसा 25 दोनदापर्यंत. अंगात पाणी साचलेलं असताना सुरू केली तर धाप वाढते. रिकाम्या पोटी घेतली तर उठताना भोवळ येते, म्हणून जेवणासोबत. तांबड्या रश्श्यासोबतही चालेल. त्यातलं मीठ अशा हृदयाला चालत नाही, ही गोष्ट वेगळी. दम्यात हीसुद्धा टाळावी.

नुसता रक्तदाब असेल तर यांतली कुठलीच सहसा पहिली पसंती नसते.

मधुमेहींनी लक्षात ठेवावं: साखर उतरली तरी धडधड जाणवणार नाही, घाम मात्र सुटेल. पन्हाळ्याची चढण चढताना घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, ते नेहमीइतके वाढत नाहीत. बोलता येतंय का ते बघा.

राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेही सांगायला हवं: नेमबाजीत तिन्ही गोळ्यांना बंदी आहे, स्पर्धा नसतानाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉलमुळे गेली. औषध खरंच लागत असेल तर वैद्यकीय सवलत आधी मिळवा.

व्हेरापामिल हे हृदयाचं दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच. दोन्ही मिळून हृदयातला विद्युतप्रवाह अडू शकतो. गोळी एकदम बंद करू नये. दबलेले ग्राहक संख्येने वाढलेले असतात, ॲड्रिनॅलिन त्यांच्यावर तुटून पडतं आणि झटकाही येऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवड्यांत उतरवत आणावी.