हँडलचं स्लॉट मशीन की चिपचं? मॉडेल करायला घेण्याआधी

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी स्लॉट मशीनचं चालतं मॉडेल करायचं मनात असेल, तर विषय उत्तम आहे. (स्लॉट मशीन म्हणजे नाणं टाकून हँडल ओढायचं, चाकं फिरून थांबली आणि चित्रं जुळली तर बक्षीस, असं जुगाराचं यंत्र.) स्प्रिंग, मोटर, प्रोग्रॅम आणि संभाव्यता असं सगळं एकाच पेटीत येतं, आणि प्रदर्शनाला आलेला माणूस न सांगता हँडलला हात घालतो. गाडी अडते ती एका प्रश्नावर: स्प्रिंगवर चालणारं जुनं करायचं, की चिपवर चालणारं? माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. ग्रुपमध्ये लेथवर हात बसलेलं कुणी असेल आणि अख्खं वर्ष हाताशी असेल, तर जुनं करा. पण खेळणारा का हरतो हे लोकांना दाखवायचं असेल, तर १९८४ नंतरच्या पद्धतीचं करा, म्हणजे बाहेर खरी चाकं आणि आत प्रोग्रॅम.

जुन्याचं नातं चार्ल्स फेपर्यंत जातं. बव्हेरियातून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या या मेकॅनिकने १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लिबर्टी बेल’ बनवलं. त्याआधी १८९१ मध्ये ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट यांनी पोकर या पत्त्यांच्या खेळाचं यंत्र काढलं होतं. त्यात पाच ड्रम आणि पन्नास पत्ते होते. इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम सहसा काढून ठेवत, म्हणजे रॉयल फ्लशच्या (एकाच रंगाचे दश्शीपासून एक्क्यापर्यंतचे पाच पत्ते) चारपैकी दोन जुळण्या खेळ सुरू होण्याआधीच बाद. बक्षीस मात्र यंत्र देत नसे, बारवाला बिअर किंवा सिगार द्यायचा. पोकरच्या जुळण्याच इतक्या, की त्या ओळखून पैसे मोजणारं यंत्र करणं अवघड होतं. फेने कामच सोपं केलं. तीन चाकं आणि पाच चिन्हं: नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा. तिन्ही घंटा लागल्या की पाच सेंटच्या नाण्यावर पन्नास सेंट, तेही यंत्राकडूनच.

यंत्र पैसे कसं मोजतं, हा या मॉडेलचा सगळ्यात देखणा भाग. प्रत्येक चाकाच्या दांड्यावर खाचा पाडलेली एक चकती असते. चाकं थांबली की त्या खाचांमध्ये एक एक पट्टी शिरते. खाच जितकी खोल तितकी पट्टी आत जाते, आणि पट्टी जितकी आत जाईल तितकी नाण्यांची सरकपट्टी जास्त उघडते. म्हणजे बक्षिसाचा हिशोब लोखंडात कोरलेला असतो. विजेची तार नाही, एक ओळ कोड नाही. एखाद्याने मागचं झाकण काढून पाहिलं, तर त्याला शक्यता मोजता येते. चाकावर दहा चित्रं असतील तर तीन चाकांच्या एकूण १,००० जुळण्या, वीस असतील तर ८,०००. डोळ्यांना दिसतं तेच गणित, आणि या प्रामाणिकपणासाठी मला हे यंत्र फार आवडतं.

पण करायला ते कठीण आहे. चाक जरासं एका बाजूला जड झालं की जड बाजू खाली येऊन थांबते आणि संभाव्यता बिघडते. तिन्ही चाकं डावीकडून एकामागून एक थांबावीत यासाठी वेग आवरणारा छोटा पंखा आणि अडकवणारे खटके लागतात. गणपतीत हलते देखावे उभे करणारे जुने कारागीर या कामात खरे गुरू, कॅम (फिरता फिरता दुसरा भाग ढकलणारी वेडीवाकडी चकती) आणि दोरी-स्प्रिंगची त्यांची जाण पुस्तकात सापडत नाही. चकत्या पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून लेझरने कापून घ्या. हाताने कानस मारून खाचांची खोली सारखी येत नाही.

मधल्या काळावर फार वेळ घालवू नका. १९६३ मध्ये शिकागोच्या बॅली कंपनीने ‘मनी हनी’ आणलं. विजेवर चालणारं हे यंत्र खालच्या हॉपरमधून (नाण्यांच्या टाकीतून) एका वेळी ५०० नाणी देऊ शकायचं. हँडल राहिलं, पण खेळणाऱ्याला सवय होती म्हणून. १९७६ मध्ये ‘फॉर्च्यून कॉइन’ कंपनीने चाकांच्या जागी टीव्हीचा पडदा लावला. इतिहासात दोन्ही मोठे टप्पे आहेत, पण मॉडेल म्हणून पहिल्यात वायरिंगचीच मेहनत, आणि दुसरं केलं तर परीक्षक म्हणतील, हे तर मोबाइलवरही होतं.

खरी कलाटणी इंगे टेल्नेस या संशोधकाच्या १९८४च्या पेटंटने दिली. चाकांवर वीसबावीसच चित्रं मावतात, त्यामुळे मोठं बक्षीस ठेवलं तर ते फार वेळा लागतं आणि मालक बुडतो. चाकं मोठी केली तर गिऱ्हाइकाला संशय येतो. टेल्नेस यांनी निवडीचं काम चाकांकडून काढून घेतलं. चिप आकडा निवडते, त्या आकड्याला एक चित्र नेमून दिलेलं असतं, आणि चाक फक्त तिथे जाऊन थांबतं. चाकावर २२ जागा असल्या तरी प्रोग्रॅममध्ये ६४ असू शकतात. डोळ्यांना जुळण्या १०,६४८ दिसतात, प्रत्यक्षात त्या २,६२,१४४ असतात.

हेच मॉडेलमध्ये दाखवा. चाकावर दहा चित्रं घ्या आणि ६४ आकडे वाटा: घंटेला १, तिच्या वरच्या आणि खालच्या चित्राला १० – १०, उरलेल्या सात चित्रांना मिळून ४३. आता एका चाकावर घंटा मधल्या, जिंकण्याच्या रेघेवर येण्याची शक्यता ६४त १, आणि रेघेला चिकटून वर किंवा खाली दिसण्याची ६४त २०. साध्या चाकात हेच प्रमाण एकास दोन असतं, इथे एकास वीस होतं. खेळणाऱ्याला वाटतं, ‘थोडक्यात हुकलं!’ हुकलं काहीच नाही, ते तसं नेमूनच ठेवलेलं आहे. शेजारी सगळ्या चित्रांना सारखे आकडे देणारा दुसरा प्रोग्रॅम ठेवा आणि एका स्विचने दोन्ही बदलू द्या. चाकं तीच, चित्रं तीच, फक्त तक्ता वेगळा. हे पाहून लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते कुठल्याही पोस्टरने येत नाही.

सामान पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळेल: तीन स्टेपर मोटर (मोजक्या टप्प्यांनी फिरणाऱ्या), त्या चालवणारे ड्रायव्हर आणि आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड. २०० स्टेपची मोटर घेतली तर दहा चित्रांना बरोबर २० स्टेप येतात, बावीस चित्रांना भाग जात नाही. प्रत्येक चाकाला शून्याची जागा ओळखणारा सेन्सर लावा, नाहीतर वीज गेल्यावर घंटा कुठे आहे हे यंत्राला कळणार नाही. आणि आर्डुइनोचं रँडम फंक्शन नुसतं वापरलं तर दर वेळी चालू केल्यावर आकडे त्याच क्रमाने येतात. हँडल ओढल्या क्षणाचे मायक्रोसेकंद त्याला बीज (सुरुवातीचा आकडा) म्हणून द्या.

एक हिशोब फलकावर जरूर लिहा. यंत्र लावलेल्या पैशांपैकी ९० टक्के परत देतं म्हटलं की उदार वाटतं. (अमेरिकेत नेवाडाच्या नियमांत किमान मर्यादा ७५ टक्क्यांची आहे.) पण दर खेळी १० रुपये आणि तासाला ६०० खेळ्या धरल्या, तर ६,००० रुपयांची उलाढाल होते आणि सरासरी ६०० रुपये जातात. टक्केवारी तीच ठेवून वेग वाढवला की नुकसान वाढतं. म्हणून हँडलपेक्षा बटण मालकाच्या फायद्याचं.

दोन्ही प्रकारांना लागू असलेली एक गोष्ट: पैसे घेऊ नका, पाच रुपयांचं टोकनसुद्धा विकू नका. महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. कॅसिनोंना मुभा देणारा १९७६चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात पंचतारांकित हॉटेलांना १९९२च्या दुरुस्तीने स्लॉट मशीनची मुभा मिळाली, ती इथे लागू नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये बंदी आणली, तेव्हा ॲपची जोड द्यायचा विचारही नको. नाण्यांऐवजी हार्डवेअरच्या दुकानातले एकाच मापाचे लोखंडी वॉशर फुकट वाटा. जुन्या पद्धतीच्या सरकपट्टीतूनही ते छान घसरतात.