रोलाय ३५: आठ महिने, अकरा रोल

नोकरीसाठी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलो आणि इथल्या जुन्या बाजारात याच गावात बनलेला रोलाय ३५ मिळाला. लोक हा कॅमेरा जमवून कपाटात ठेवतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो रोज खिशात घालून फिरण्यासाठीच केलेला आहे.

हाइन्झ वास्के यांची ही रचना १९६६ साली कलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात लोकांसमोर आली. एवढ्याशा जागेत ३५ मिमीची पूर्ण फ्रेम बसवायची, म्हणून त्यांनी मांडणीच फिरवून टाकली. फिल्म पुढे ओढायची दांडी डाव्या हाताला, फ्लॅश तळाला. पहिले पंधरा दिवस माझा उजवा अंगठा सवयीने रिकाम्या जागीच फिरत होता.

खरी परीक्षा फोकसची. व्ह्यूफाइंडरमध्ये काहीही जुळवायचं नसतं; अंतर डोळ्यांनी जोखायचं आणि लेन्सच्या कड्यावर लावायचं. मित्राच्या मुलीच्या वाढदिवसाचे नऊ फोटो याच पायी गेले. दिवे मंद, म्हणून लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, ३.५ वर. ती सव्वा मीटरवर होती आणि मी लावलं होतं दोन. मागची भिंत मात्र बऱ्यापैकी स्पष्ट. घरी येऊन टेप काढला आणि ओट्यापासून दारापर्यंत, खुर्चीपासून खिडकीपर्यंत सगळं मोजलं. आता दोन मीटर म्हणजे किती, हे डोळ्याला कळतं. बाहेर उजेडात तर चिंताच नाही: छिद्र लहान, एफ ८ वर, अंतर ६ मीटर, की सव्वातीन मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं नीट येतं. ४० मिमीच्या टेसार लेन्सने हार्त्सच्या डोंगरातल्या ओल्या सूचिपर्णी झाडांचे जे फोटो दिले, ते मी मोठे करून भिंतीवर लावलेत.

बॅटरीचं मात्र दुखणं आहे. मूळची १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. मी श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी कडं लावून बसवतो; ती दोनेक महिन्यांत उतरते. बॅटरीची जागा आत, फिल्मच्या बाजूला. म्हणजे रोल अर्धा असताना ती गेली तर कॅमेरा उघडता येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या, उजेड मोजणाऱ्या मीटरला बटणही नाही, उजेड पडला की तो चालूच. म्हणून कॅमेरा कायम पाकिटात ठेवा. शटरला बॅटरी लागत नाही, त्यामुळे अंदाजाने काम चालून जातं.

विकत घेणार असाल तर, ही लेन्स वापरून झाल्यावर कॅमेऱ्यात आत सरकते; ती आत ढकलण्याआधी दांडी ओढून शटर भरलेलं आहे ना ते बघा. लेन्स अडली तर अजिबात जोर लावू नका. मग अर्ध्या सेकंदावर शटर दाबून कान द्या. घरघर मध्येच अडखळली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. माझा अडखळत होता.