केमो लगेच, की म्युटेशनचा (गाठीच्या जनुकांतील बदलाचा) रिपोर्ट आल्यावर?

बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार, निघाला, रोग चौथ्या टप्प्यात आहे आणि बाईने जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही, अशा वेळी घरच्यांपुढे हा प्रश्न दोन-चार दिवसांतच उभा राहतो. आमच्या घरात तो दोनदा आला, आधी मावशीच्या आणि नंतर आईच्या वेळी. उपचार दोन्ही वेळा इंदूरलाच झाले, पण निर्णय वेगवेगळे घेतले. मी डॉक्टर नाही आणि दोन रुग्णांवरून नियम बांधता येत नाही, एवढे भान ठेवूनच लिहितो आहे.

केमो लगेच सुरू करण्याच्या बाजूने बरेच काही आहे. मावशीचा खोकला क्षयाचा समजून तीन महिने त्याच गोळ्या देण्यात गेले होते, त्यामुळे आता एक दिवसही दवडू नये असे सगळ्यांनाच वाटत होते. पहिली सलाईन लागली त्या संध्याकाळी घराला खरोखर धीर आला. धाप लागून बोलताही येत नसेल किंवा रोग दिवसागणिक वाढत असेल, तर मीही थांबा असे म्हणणार नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या, झपाट्याने वाढणाऱ्या स्मॉल सेल प्रकारात तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

मला सलत राहिले ते निराळेच. एकदा केमो सुरू झाली की रिपोर्टची घाई कोणालाच उरत नाही. दुसरी सायकल झाल्यावर मी चौकशी केली, तेव्हा कळले की बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, पहिल्या लॅबच्या कपाटातून हललाच नव्हता. तपासणी लिहून दिलेली होती, परंतु ब्लॉक आपणच सोडवून पुढच्या लॅबकडे पोचवायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही. पाच आठवडे असेच गेले. शेवटी रिपोर्ट ईजीएफआर पॉझिटिव्ह आला, म्हणजे ईजीएफआर या जनुकात बदल सापडला आणि त्यावर नेमकी चालणारी गोळी देता येणार होती, पण तोवर मावशीचे वजन सात किलोंनी उतरले होते आणि आधाराशिवाय तिला पलंगावरून उठवत नव्हते. गोळी मिळाली, ती अशा थकलेल्या शरीराला.

भारतात ॲडेनोकार्सिनोमाच्या साधारण चौथाई रुग्णांत हे म्युटेशन सापडते आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत त्याहून अधिक. तरीही केवळ बाई आहे, विडी ओढत नाही, एवढ्यावरून अंदाजाने गोळी सुरू करणे हा मार्ग नव्हे. पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांवरच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आयपास चाचणीत म्युटेशन असलेल्यांचा रोग जेफिटिनिब या गोळीवर ९.५ महिने आटोक्यात राहिला, तर केमोवर ६.३ महिने, म्युटेशन नसलेल्यांत मात्र गोळीवर जेमतेम दीड महिना आणि केमोवर साडेपाच. एकूण आयुर्मान मात्र म्युटेशन असलेल्यांत दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले, कारण केमोवाल्यांपैकी अनेकांना पुढे अशी गोळी मिळालीच. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, यापेक्षा ती गोळी घेण्याइतकी ताकद शिल्लक असताना हाती पडणे महत्त्वाचे, असा अर्थ मी काढतो. त्याच टप्प्यावरच्या पुरुषांपेक्षा स्त्रिया सरासरीने अधिक काळ जगतात असे दिसते. पण उतरलेले वजन आणि अंथरुणाला खिळणे या दोन गोष्टी तो फायदा हिरावून घेतात, हे मी मावशीच्या वेळी पाहिले.

म्हणून आईच्या वेळी थांबलो. तिच्या फुप्फुसाभोवती पाणी साचले होते. ते काढल्यावर धाप ओसरली आणि त्याच पाण्यातल्या पेशींपासून तपासणीसाठीचा ब्लॉक (सेल ब्लॉक) तयार झाला, त्यामुळे दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली नाही. भाचा ब्लॉक घेऊन त्याच रात्री अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेला आणि सकाळी लॅबमध्ये देऊन आला. रिपोर्टला सोळा दिवस लागले. ते दिवस सोपे नव्हते. रामबागेतले शेजारी रोज विचारत, ‘अजून काहीच सुरू नाही केलं?’, आणि रात्री मलाही आपण चूक तर करत नाही ना, असे वाटे. सतराव्या दिवशी गोळी सुरू झाली. अंगावर पुरळ आले, जुलाबही झाले, पण महिन्याभरात आई ओट्याशी उभी राहून स्वतःपुरती भाकरी थापू लागली. याला आता पावणेदोन वर्षे झाली आहेत.

तब्येत दोन-तीन आठवडे धरून राहील असे डॉक्टरांचे मत असेल, तर माझा कौल थांबण्याकडे आहे. मधल्या काळात इम्युनोथेरपीचे (शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारे) इंजेक्शन सुचवले गेले, तर ते रिपोर्टपर्यंत लांबवता येईल का, हे जरूर विचारावे. ते आधी घेऊन लगोलग ओसिमर्टिनिब ही ईजीएफआर म्युटेशनवरची गोळी सुरू केल्यास फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. आणि केमो लगेच घ्यायची ठरलीच, तरी पहिली सलाईन लागायच्या आत ब्लॉकचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, तो कोणत्या लॅबला कोण नेणार हे ठरवावे आणि पोच मिळाल्याशिवाय घरी परतू नये.