जेमपायसोबत आठ महिने : मँगनीजच्या थराची सीमा किती खात्रीची?

भंडारा जिल्ह्यातील मँगनीजच्या एका जागेचे त्रिमितीय प्रारूप करण्यासाठी गेले आठ महिने मी जेमपाय वापरत आहे. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठात विकसित झालेले, पायथनवर चालणारे हे साधन मोफत असून त्याचा कोडही खुला आहे. थरांचे स्पर्शबिंदू (दोन थर जेथे भेटतात ती ठिकाणे) आणि नतीची (थराच्या उताराच्या कोनाची) मोजमापे दिली की ते क्रिगिंगच्या, म्हणजे ज्ञात बिंदूंवरून मधल्या जागांचा अंदाज बांधणाऱ्या सांख्यिकी पद्धतीच्या, आधारे थरांचे पृष्ठभाग रचते. मोजमापे त्रुटीच्या मर्यादेत बदलून तेच प्रारूप शेकडो वेळा उभे करता येते, ही त्याची सर्वांत मोठी सोय आहे.

ज्यात हे मँगनीज आहे त्या सौसर गटाच्या खडकांना वारंवार वळ्या (घड्या) पडल्या आहेत, त्यामुळे येथे नतीतला थोडासा फरकही महागात पडतो. आमच्या नोंदींत एका ठिकाणी नती ६०° होती, तर दुसऱ्या नोंदीत ७०°. तेवढ्यानेच ५० मीटर खोलीवर थर आडवा सुमारे ११ मीटर सरकतो. पूर्वी असे मतभेद डायरीतच राहत आणि सेक्शनवर (जमिनीच्या उभ्या छेदाच्या चित्रावर) एकच ठाम रेघ उमटे.

सुरुवातीला मी प्रत्येक स्पर्शबिंदू स्वतंत्रपणे हलवला, ही माझी चूक होती. बोअरहोल (नमुन्यांसाठी पाडलेले खोल छिद्र) २° कलले तर १०० मीटरवर साडेतीन मीटरची चूक होते आणि त्या बोअरहोलमधले सगळे खोल बिंदू एकाच बाजूला सरकतात. ते सुटे हलवले की चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि साठ्याच्या आकारमानातली अनिश्चितता खोटी कमी दिसते.

ही दुरुस्ती करून २०० प्रारूपे काढली आणि प्रारूपातील प्रत्येक छोट्या घनासाठी एंट्रॉपी, म्हणजे प्रारूपांतील असहमतीचे माप, मोजली : सर्व प्रारूपे सहमत असतील तर ०, निम्मी धातुक (मँगनीजचे खनिज) आणि निम्मी साधा खडक म्हणत असतील तर १. वलीच्या भुजांवर (घडीच्या दोन्ही बाजूंवर) आकडा शून्याजवळ होता, बाकापाशी (थर जेथे वळतो तेथे) मात्र १ च्या जवळ जाणारा पट्टा दिसला. भुजेवर ठरलेले बोअरहोल आम्ही तेथे हलवले. कोअर (बोअरहोलमधून काढलेला खडकाचा दंडगोल) आला तेव्हा थर सरासरी प्रारूपापेक्षा सहा मीटर खाली, पण प्रारूपांच्या पट्ट्यातच लागला. त्या दिवशी मला मनापासून समाधान वाटले.

एक मर्यादा मात्र गंभीर आहे. ही सर्व प्रारूपे एकच भूशास्त्रीय अर्थ गृहीत धरतात. २००७ च्या एका अभ्यासात एकाच कृत्रिम भूकंपीय छेदाचे (कंपनलहरींवरून मिळणाऱ्या भूगर्भाच्या चित्राचे) ४१२ जणांनी अर्थ लावले, तेव्हा फक्त २१ टक्के अर्थ मूळ रचनेशी जुळले. आमच्याकडेही बाकाच्या जागी प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याची भेग) असू शकतो, म्हणून मी त्याचा वेगळा संच चालवला आहे, आणि दोन संचांत सर्वाधिक फरक जेथे पडतो तेथे पुढचे बोअरहोल प्रस्तावित केले आहे.