काही महिने ऐकल्यानंतर : एफेक्स ट्विनचा ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू’

इलेक्ट्रॉनिक संगीतकार रिचर्ड डी. जेम्स ऊर्फ एफेक्स ट्विन याचा हा अल्बम वॉर्प रेकॉर्ड्सने मार्च १९९४ मध्ये प्रकाशित केला. अँबियंट, म्हणजे ताल आणि चालीपेक्षा वातावरणावर भर देणारे संगीत, म्हटले की शांत झोपेचे संगीत, अशी अनेकांची समजूत असते. कित्येक महिने तो नियमाने ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की झोप लागावी म्हणून हा अल्बम कोणीही लावू नये.

इंग्लंडमधील कॉर्नवॉलमध्ये वाढलेल्या या संगीतकाराने त्या वेळी सांगितले होते की यातील सुमारे सत्तर टक्के संगीत त्याला स्वप्नांत सापडले. स्टुडिओतच थोडा वेळ झोपायचे, आपण स्वप्न पाहत आहोत याचे भान राखून तिथल्या काल्पनिक यंत्रांवर रचना करायची आणि जाग येताच, ती विसरण्याआधी, खऱ्या यंत्रांवर उभी करायची, अशी त्याची पद्धत होती म्हणे. मुलाखतकारांची फिरकी घेण्याची त्याची खोड लक्षात घेता हा दावा शब्दशः मानण्याची गरज नाही. परंतु या रचना खरोखरच आठवलेल्या स्वप्नांसारख्या वागतात. हाती एखादाच तुकडा लागतो, तो पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि त्याच्या आधी काय होते व पुढे काय होणार होते याचा काहीच पत्ता लागत नाही.

पहिल्याच रचनेत लहान मुलासारखा एक आवाज आहे. तो काहीतरी सांगतो आहे असे प्रत्येक वेळी वाटते आणि एकही शब्द कळत नाही. चाहत्यांनी ‘रुबार्ब’ असे नाव दिलेल्या तिसऱ्या रचनेत ताल अजिबात नाही. मोजकेच लांब सूर सात मिनिटांहून अधिक काळ एकमेकांत विरघळत राहतात. अन्यत्र काही सूर पियानोच्या पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी लावलेले आहेत. तानपुऱ्यावर तयार झालेला कान सवयीने षड्ज शोधू लागतो आणि तो सापडत नाही म्हणून अस्वस्थ होतो. झोपेला ही अस्वस्थता मारक ठरते. मध्येच येणाऱ्या, उघडउघड भीतिदायक रचनांची तर गोष्टच वेगळी.

लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. बरे हेडफोन आणि मध्यम आवाज हवाच. अडीच तासांहून अधिक लांबीत सैल जागाही आहेत, आणि उत्तरार्धातील एक-दोन रचना मी आता सरळ वगळतो.

खरी कटकट नावांची आहे. ‘ब्लू कॅल्क्स’ वगळता एकाही रचनेला अधिकृत शीर्षक नाही. शीर्षकांऐवजी मूळ वेष्टनात प्रत्येकीसाठी एक छायाचित्र आहे. सीडी आणि व्हिनाइल यांतील रचना सारख्या नसल्यामुळे क्रमांकही जुळत नाहीत, आणि मित्राला ‘अमुक क्रमांकाची ऐक’ असे सांगितले की तो भलतेच काही ऐकतो. सीडीवर वगळलेली, चाहत्यांमध्ये ‘स्टोन इन फोकस’ म्हणून ओळखली जाणारी रचना २०२४ च्या विस्तारित आवृत्तीत आहे, म्हणून नव्याने घेणाऱ्याने तीच घ्यावी. सुरुवात तिसऱ्या रचनेपासून करावी, शक्यतो दुपारी, आणि एका बैठकीत चार-पाच रचनांपेक्षा जास्त ऐकू नयेत.