परमुलखात घडलेला बँड : ‘गाँग’च्या तेरा तबकड्यांची पेटी काही महिने ऐकल्यानंतर

‘लव्ह फ्रॉम द प्लॅनेट गाँग’ ही बारा सीडी आणि एक डीव्हीडी असलेली पेटी २०१९ मध्ये बाजारात आली. तीत गाँग या रॉक बँडचे १९७३ ते १९७५ या काळात ध्वनिमुद्रित झालेले चार स्टुडिओ अल्बम, त्याच वर्षांतील अनेक प्रत्यक्ष मैफलींची ध्वनिमुद्रणे आणि एक पुस्तिका आहे. एवढा मोठा संच घरी आला की पहिल्या आठवड्यातील उत्साहाच्या भरात अभिप्राय लिहून टाकण्याचा मोह होतो. तो टाळून मी ही पेटी काही महिने ऐकली, कधी हेडफोनवर आणि कधी साध्या स्पीकरवर. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की या संचाची खरी किंमत त्यातील दुर्मीळ ध्वनिमुद्रणांत नाही. निरनिराळ्या देशांतून आलेले वादक एका परक्या देशात एकाच घरात राहू लागले म्हणजे त्यांच्या संगीताचे काय होते, हे येथे महिन्यामहिन्याच्या अंतराने ऐकता येते, आणि तीच त्याची किंमत आहे.

हे नीट समजण्यासाठी पेटीच्या आधीचा इतिहास माहीत असलेला बरा. बँडचा संस्थापक डेव्हिड अ‍ॅलन १९३८ मध्ये मेलबर्न येथे जन्मला आणि १९६० च्या सुमारास युरोपात आला. १९६६ मध्ये रॉबर्ट वायट, केव्हिन एअर्स आणि माइक रॅटलेज यांच्यासह त्याने ‘सॉफ्ट मशीन’ हा बँड सुरू केला. पुढच्या वर्षीचा उन्हाळा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर वाजवण्यात गेला आणि परतताना इंग्लंडच्या सीमेवर अ‍ॅलनला अडवण्यात आले, कारण पूर्वी तो व्हिसाच्या मुदतीपेक्षा अधिक काळ तेथे राहिला होता. बाकीचे तिघे लंडनला गेले आणि तो पॅरिसमध्ये, कवयित्री जिली स्मिथ हिच्यासोबत, मागे राहिला. एका शिक्क्याअभावी एका बँडचा गिटारवादक गेला आणि दुसरा बँड जन्माला आला, असे म्हणण्यास हरकत नाही. मे १९६८ च्या पॅरिसमधील विद्यार्थी-उठावानंतर दोघांनी फ्रान्सही सोडले आणि स्पेनच्या मायोर्का बेटावरील देया हे गाव गाठले. तेथे त्यांना एका गुहेत राहणारा फ्रेंच सॅक्सोफोन व बासरीवादक दिदिए मालेर्ब भेटला. मालेर्ब साठच्या दशकाच्या प्रारंभी भारतात येऊन गेला होता आणि बांबूच्या बासरीशी त्याचा परिचय झाला होता. हे माहीत असल्यामुळे आपल्या कानाला त्याच्या बासरीत ओळखीचे काही सापडते की काय, असे मला बरेच दिवस वाटत राहिले. आता मात्र मी इतकेच म्हणेन की एखाद्या स्वरावर घाई न करता थांबण्याची सवय त्याच्याकडे आहे, आणि रॉकच्या वादकांत ती सहसा आढळत नाही.

१९६९ नंतर हा बँड फ्रान्समध्ये स्थिरावला आणि १९७१ मध्ये ‘कामाँबेर एलेक्ट्रिक’ हा त्याचा पहिला पक्का अल्बम निघाला. तो पेटीतील अल्बमांपेक्षा वेगळ्या कंपनीसाठी केलेला असल्यामुळे या पेटीत नाही, आणि हीच पेटीची सर्वांत मोठी उणीव आहे. कायदेशीर कारण समजण्यासारखे असले, तरी नव्या श्रोत्याला त्यामुळे गोष्ट मधूनच ऐकावी लागते. तो अल्बम स्वतंत्रपणे मिळवून आधी ऐकावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण पुढे जे सुबक होत गेले ते मुळात किती खडबडीत होते, हे त्याशिवाय कळत नाही.

पेटीची सुरुवात ‘फ्लाइंग टीपॉट’ने होते. हा अल्बम ऑक्सफर्डशायरमधील ‘द मॅनर’ या स्टुडिओत मुद्रित झाला आणि २५ मे १९७३ रोजी, म्हणजे माइक ओल्डफील्डच्या ‘ट्युब्युलर बेल्स’ या अल्बमच्याच दिवशी, व्हर्जिन या तेव्हा अगदी नव्या असलेल्या कंपनीने प्रकाशित केला. येथून त्यांची तीन अल्बमांची कथामाला सुरू होते. तिच्यात गाँग नावाचा ग्रह आहे, उडत्या चहादाण्यांतून येणारी हिरवी माणसे आहेत आणि झीरो नावाचा भोळा नायक आहे. खरे सांगायचे तर या कथेत माझे मन रमले नाही. पहिल्या काही वेळा मौज वाटते आणि नंतर ती गाण्यांच्या आड येऊ लागते. संगीताच्या दृष्टीनेही हा अल्बम तिघांत सर्वाधिक विस्कळीत आहे, आणि महिने उलटले तरी माझे हे मत बदललेले नाही.

‘एंजल्स एग’च्या बाबतीत नेमके उलटे घडले. हा अल्बम स्टुडिओत मुद्रित झालेला नाही. फ्रान्समधील सांस शहराजवळ, व्हॉयझिन येथे बँडचे सर्व सदस्य ज्या घरात एकत्र राहत होते, तेथेच फिरते ध्वनिमुद्रणयंत्र आणून १९७३ च्या उन्हाळ्यात ते काम पार पाडले गेले. पहिल्यांदा ऐकताना लहानलहान तुकड्यांची ही माळ मला तुटक वाटली होती. परंतु जसजसे ऐकणे वाढले, तसतसे लक्षात आले की हे तुकडे एकमेकांच्या सवयी तोंडपाठ असलेल्या माणसांनी वाजवलेले आहेत. कोणी कोठे श्वास घेणार आणि कोणी कोठे वाट मोकळी करून देणार, हे ठरवून आलेले वाटत नाही. इंग्रज गिटारवादक स्टीव्ह हिलेज आणि सिंथेसायझर वाजवणारा टिम ब्लेक, फिजीत जन्मून ऑस्ट्रेलियात वाढलेला बास गिटारवादक माइक हाउलेट, फ्रेंच मालेर्ब आणि तालवाद्यांवर प्येर मर्लेन व मिरेय बाउअर, अशी ही मंडळी. त्यांच्यातील अनेकांना हा प्रदेश परका होता, आणि तालमीची जागा व राहण्याची जागा एकच होती.

प्येर मर्लेनविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या पेटीत मी कोणासाठी पुन्हा पुन्हा परत आलो असेन, तर त्याच्यासाठी. स्ट्रासबुर्गच्या संगीत विद्यालयात शास्त्रशुद्ध तालवाद्यशिक्षण घेतलेला हा वादक ड्रम जितक्या सहजतेने वाजवतो तितक्याच सहजतेने व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्यही वाजवतो. ‘पर्कोलेशन्स’ या छोट्याशा तुकड्यात त्याचे हे दुसरे रूप स्वच्छ ऐकू येते. विषम मात्रांचे आवर्तन तो असे वाहते ठेवतो की मात्रा मोजण्याची इच्छाच होत नाही, आणि मोजायला बसले तर मात्र थक्क व्हायला होते. साध्या स्पीकरवर यातील बरेच काही हरवते. येथे चांगले हेडफोन हवेतच.

१९७४ चा ‘यू’ हा माझ्या मते बँडचा कळस आहे. ‘अ स्प्रिंकलिंग ऑफ क्लाउड्स’मध्ये ब्लेकच्या सिंथेसायझरची फिरती आवर्तने बराच काळ एकटी चालतात, त्यांत हळूहळू बास आणि ड्रम येतात आणि मग सारे मिळून वेग घेतात. विलंबित ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला ही चढण अवघड जाणार नाही. ‘मास्टर बिल्डर’मध्ये हिलेजची गिटार आणि मालेर्बचा सॅक्सोफोन एकमेकांना ढकलत नेतात, तर या सगळ्यावर जिली स्मिथची कुजबुजती गायकी आणि धातूची कांडी तारांवरून फिरवून काढलेला अ‍ॅलनच्या गिटारचा लांबट नाद तरंगत राहतो. कथा मागे पडली आणि वादन पुढे आले, म्हणून हा अल्बम टिकला, असे मला वाटते. पण त्यातच पुढच्या फुटीचे बीजही होते. एप्रिल १९७५ मध्ये चेल्टनहॅम येथे अ‍ॅलनने रंगमंचावर जाण्यास नकार दिला. एका अदृश्य भिंतीने आपल्याला अडवले, असे त्याने सांगितले आणि तो बँडमधून बाहेर पडला. भिंत खरी असो वा नसो, ‘यू’ ऐकल्यावर त्याच्यासाठी तेथे जागा उरली नव्हती, हे मान्य करावे लागते.

मैफलींच्या तबकड्यांविषयी मत संमिश्र आहे. तीच गाणी अनेकदा येतात, आवाजाचा दर्जा सर्वत्र सारखा नाही आणि काही मुद्रणे केवळ दस्तऐवज म्हणूनच सहन होतात. सलग ऐकल्यास कंटाळा निश्चित आहे. मी नंतर एकच गाणे निवडून ते वर्षाच्या क्रमाने ऐकू लागलो आणि तेव्हा या तबकड्यांचे चीज झाले; ‘आय नेव्हर ग्लिड बिफोर’ प्रत्येक मुक्कामाबरोबर अधिक घट्ट होत जाते.

पेटीतील शेवटचा अल्बम ‘शमाल’ १९७६ मध्ये आला आणि त्याची निर्मिती पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ड्रमवादक निक मेसन याने केली. अ‍ॅलन, स्मिथ आणि ब्लेक गेलेले, हिलेज जवळजवळ पाहुण्यासारखा. वादन निर्दोष आहे, मालेर्ब तर येथे विशेष मोकळा झाला आहे, तरीही मी तो क्वचितच लावतो. ज्यांना जॅझ-रॉक प्रिय आहे आणि परग्रहांच्या गोष्टींचे वावडे आहे, त्यांनी मात्र पेटी उघडताच आधी हीच तबकडी लावावी. ज्यांचे अंदाजपत्रक मर्यादित आहे, त्यांनी संपूर्ण संच न घेता ‘एंजल्स एग’ आणि ‘यू’ सुटे घ्यावेत. मैफलींच्या मुद्रणांची भूक नंतर लागलीच, तर पेटीचा विचार तेव्हा करता येईल.